भाताच्या खाचरातले खेकडे

मैत्रिणींनो, आपल्या फिरत्या पत्रात आज माझी पाळी नाही, तरी लिहिते आहे.

मुळशीत सकाळी मी हौसाबाईंच्या भातावर कीटकनाशक भुकटी मारली. या खाचरात आजवर शेणखत आणि राबाची, म्हणजे जाळलेल्या पालापाचोळ्याची, राख, एवढंच पडलेलं. दुपारी पाण्यावर मासे उताणे तरंगत होते आणि खेकडे बांधाला निपचित पडले होते.

हौसाबाई खूश. "लई आयते गावले! लेक बाळंतीण हाय, रस्सा करते तिला," म्हणत त्यांनी टोपली भरली.

मागे आमच्या शेतीखात्याचे साहेब उभे होते. भुकटी फक्त किडीला मारते, असं कालच त्यांनी गावाला सांगितलं होतं.

"ते खेकडे टाका, विषारी आहेत," मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. हौसाबाईंनी टोपली उपडी केली.

"खेकडं खायाचं न्हाई, आन् त्याच पाण्यातला भात खायाचा व्हय, बाई?"



उद्या खालच्या खाचरात भुकटी मारायची आहे. नकार दिला तर नोकरी जाईल. आणि माझ्या जागी जो येईल, तो टोपली उपडी करायला सांगेलच असं नाही.

तुम्ही काय केलं असतं?