माझं एकुलतं एक भाषण

चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी बोबडी वळायची. जेऊरच्या शाळेत साहेब तपासणीला आले, तेव्हा स्वतःचं नाव सांगताना मी रडलो होतो, आणि गावानं ते मला लग्नापर्यंत विसरू दिलं नाही. पुढं बायको पहिल्या बाळंतपणात गेली, पोरही गेलं. घरात बोलायला कुणी उरलं नाही, तेव्हा मी सोलापूरला येऊन गिरणीत मागावर लागलो.

मला ती जागा मानवली. सगळे माग एकदम धडधडायला लागले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. त्यामुळं आम्ही विणकर आवाज काढतच नसू. ओठ सावकाश हलवायचे, जोडीला भुवया आणि हात. नव्या माणसाला हे शिकायला महिने लागत, मी मात्र लगेच तरबेज झालो. आवाजाची भानगडच नाही, तर घाबरायचं कशाला?

शेजारच्या मागावर एक तेलुगू विणकर होता. त्याला मराठी मोडकीतोडकी, मला तेलुगूचा गंध नाही, पण माग सुरू झाले की आमच्या गप्पांना खळ नसे. आमच्या खात्याचा मुकादम, जॉबर, पोट पुढं काढून कसा चालतो, हे तो नुसते गाल फुगवून सांगायचा आणि मला हसू आवरायचं नाही. मुलीला दात आला, तेही त्यानं तसंच सांगितलं. रोज सकाळी त्याची पहिली खूण एकच: जेवलास का? एवढ्या मोठ्या शहरात मला हे विचारणारा तो एकटा. मी खोटंच 'हो' म्हणायचो. त्याला ते पटायचं नाही. दुपारच्या सुट्टीत आपल्या फडक्यातली एक भाकरी मुकाट्यानं माझ्या पुढ्यात ठेवायचा. भोंगा झाला की तो त्याच्या पेठेत, मी माझ्या खोलीवर. फाटकाबाहेर आम्ही कधी चार शब्द बोललो नाही. बाहेर माझं तोंड पुन्हा शिवल्यासारखं व्हायचं.

तो तापानं गेला, आठवड्याभरात. विणकरांनी त्याच्या चाळीच्या अंगणात शोकसभा ठेवली. पेठेतले एक डॉक्टर अध्यक्ष.

जॉबर मला म्हणाला, "तू बोलायचं. तुज्या शेजारी हुता त्यो."

"मला न्हाय जमायचं."

"मग कुणाला जमंल? बाकीच्यास्नी त्येची काय म्हायती हाय?"

ते खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. मी उभा राहिलो नाही तर दुसरं कुणीतरी 'फार सज्जन होते' म्हणून खाली बसणार, आणि तो तेवढाच उरणार. सभेपर्यंत मी खोलीत भिंतीसमोर बोलून बघत होतो. भिंतीसमोरही घाम फुटायचा.

माझी पाळी आली. पुढं जाजमावर पेठेतली माणसं, एका बाजूला त्याची बायको, मांडीवर मुलगी. पार मागं आमच्या खात्यातले विणकर. मी तोंड उघडलं आणि काय आश्चर्य, कुठं अडलंच नाही. जॉबरची चाल, मुलीचा दात, सगळं भराभर येत गेलं. मागचे विणकर हसले. मग एकानं टोपीनं डोळे पुसले. मला वाटलं, हे इतकं सोपं होतं तर आपण जन्मभर कशाला भ्यालो?

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "अहो, आवाज काढा. काहीच ऐकू येत नाही."

मी आवाज काढलाच नव्हता. नुसते ओठ आणि हात. पुढची माणसं एकमेकांकडं बघत होती. झालं तेवढं पुरे, खाली बसावं, असं मी ठरवलंही. पण त्याची बायको माझ्या ओठांकडं टक लावून बघत होती. मागची माणसं का हसली, एकानं डोळे का पुसले, ते तिला कळत नव्हतं.

"अण्णा," ती म्हणाली, "काय सांगितलं? मला पण सांगा की."

मी तिच्याकडं वळलो. आवाज निघाला तो घोगरा, निम्मा घशातच. "वहिनी, रोज सकाळी मला इचारायचे, जेवलास का म्हणून. आन् आपल्यातली भाकरी मला द्यायचे."

तिनं मांडीवरच्या मुलीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "एक भाकरी जास्ती मागत होते. लई भूक लागते म्हणत होते. मी भांडत होते."

आणि ती रडायला लागली. मग मी थांबलो नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं.

सभा संपल्यावर जॉबरनं पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले आणि मला कधी एकदा सांगतो असं झालं: काल मी सगळ्यांसमोर बोललो, आवाज काढून बोललो! हात उचलून शेजारी वळलो. तिथं नवा माणूस उभा होता, मागात ये-जा करणाऱ्या धोट्यावर नजर लावून. मला सांगायचं होतं ते माझ्या जुन्या शेजाऱ्यालाच, आणि त्यानं तर माझा आवाज कधी धड ऐकलाही नव्हता.