उजव्या दाराची पट्टी

जगात माणसं दोनच प्रकारची, मोटारीचं दार हळू लावणारी आणि आपटणारी, अशी माझ्या सासऱ्यांची ठाम समजूत होती. गाव, शिक्षण, पगार हे सगळं त्यांच्या लेखी नंतरचं. मी आमच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला बी.एस्सी.; हे मी कुणालाही सांगतो, त्यात लाजायचं काय? पण मुलगी मिळाली ती पदवीमुळे नव्हे. बघण्याचा कार्यक्रम आटोपल्यावर ते मला त्यांच्या डॉक्टरसाहेबांच्या मोटारीतून स्टँडवर सोडायला आले. मोटारीत बसायची माझी पहिलीच वेळ. उतरताना काही मोडेल या भीतीनं मी दार इतकं हळू लावलं की ते लागलंच नाही. मामांनी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात) ते पुन्हा उघडून नीट लावलं आणि घरी जाऊन सांगितलं, "पोरगा चांगला हाय. हात हलका हाय."

सोलापुरातल्या एका डॉक्टरांच्या काळ्या विलायती गाडीवर मामा बावीस वर्षं ड्रायव्हर होते. गाडी डॉक्टरांची असली तरी हुकूम मामांचा चाले. दुधनीकडे एखादा पेशंट बघून डॉक्टर चिखलाच्या बुटांनी परत आले की मामा दारातच आडवे येत. बूट काढून डिकीत, आणि एवढे मोठे डॉक्टर सोलापूरपर्यंत पायमोज्यांवर. उन्हात गाडी उभी करायची वेळ आलीच तर स्वतःची टोपी काढून स्टिअरिंगवर ठेवायचे आणि आपलं टक्कल तापवत शेजारी उभे राहायचे. पुढं बैलगाडी आली तर हॉर्न वाजवत नसत. खाली उतरून, चालत जाऊन, गाडीवानाला "जरा बाजूला घेता का, पाव्हणं" असं विचारून येत. आणि लग्न असो, बारसं असो की कुणाचा दहावा, बोलणं फिरून एकाच वाक्यावर येई: "बावीस वर्सं झाली, पर वरखडा न्हाय."

डॉक्टर गेले. गाडी ताडपत्रीखाली पडून राहिली. मग दुष्काळ सरला त्या वर्षी डॉक्टरांच्या बाईंनी मामांना बोलावून, गाडी आता तुमचीच, म्हणत किल्ली हातात दिली. दिवाळीनंतर त्या मुलाकडे पुण्याला कायमच्या जाणार होत्या. मामांनी तिथल्या तिथं शब्द दिला, की दसऱ्याला ह्याच गाडीतून, होती तशी करून, तुम्हाला रूपाभवानीच्या दर्शनाला नेतो.

होती तशी म्हणजे अगदी तशी. सुटे भाग तर विलायतेतही मिळेनासे झालेले. मग मामांनी सोलापुरातच एकेक बनवून घ्यायला सुरुवात केली. पायरीवरचं रेघारेघांचं रबर चपलांच्या तळव्याच्या रबरातून कापून घेतलं, मागच्या दिव्याची कडी भांड्यांच्या कारागिराकडून ठोकून घेतली. मी एकदा 'डुप्लिकेट' म्हणालो तर जेवता जेवता मामांचा हात थांबला. "डुप्लिकेट चोरबाजारात असतंय, जावईबापू. ह्याला जोड म्हणायचं."

राहता राहिलं बिडिंग, म्हणजे बॉनेटपासून डिकीपर्यंत दारांवरून जाणारी चकचकीत पट्टी. डावीकडची गंजली होती पण अखंड निघाली. उजवीकडची काढताना तिचे तुकडे झाले. डावीच्या नमुन्यावरून एका तांबट चाचांनी पितळेच्या दोन्ही पट्ट्या केल्या, वर निकेल चढवलं. डावी लावली, क्लिपा टकाटक बसल्या. उजवी लावली, तर नेमकी ड्रायव्हरच्या दारावर मधोमध फट. पुढून दाबावी तर मागून सुटे, मागून दाबावी तर पुढून. मामांनी पट्टी तीनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा चाचा स्वतःच आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मामू, पट्टी सीदी है. तुमारी गाडीच टेडी है."

मामा त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी मला बोलावणं आलं. "तुमी शिकलेले. ह्या माणसाला जरा सायन्सनं पटवून द्या की."

मी उत्साहानं शिवणाचा दोरा घेतला. डाव्या दारावर ताणून धरला, दोरा टोकापासून टोकापर्यंत पत्र्याला चिकटला. उजव्या दारावर धरला, तर मधे माझी करंगळी सहज आत गेली. सिद्धता पूर्ण झाल्याच्या आनंदात मी म्हणालो, "मामा, चाचांचंच बरोबर आहे. हे दार कधीतरी ठोकर बसून दबलंय. जुनी पट्टीही त्याच्याबरोबर दबली असणार, म्हणून आजवर कुणाला दिसलं नाही."

मामांनी दारावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. रोज ज्या दारानं ते चढले-उतरले, तेच दार. "कदी?" एवढंच म्हणाले आणि घरात गेले.

"तुमचं बी.एस्सी. तिथंच दाखवायचं होतं का?" बायको मला म्हणाली. बाप दोन दिवस धड जेवला नव्हता, तिचं चुकलं असं म्हणता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मामांनी धुतलेला सदरा घातला, गाडीची किल्ली आणि कागद पिशवीत घेतले आणि साक्षीदार म्हणून मला घेऊन बाईंकडे गेले. पिशवी टेबलावर ठेवली. "बाईसाहेब, गाडी परत घ्या. माज्या हातात असताना हिला मार बसला आन् मला कळलंबी न्हाय. मी गावभर खोटं सांगत फिरलो."

बाईंनी सगळं ऐकून पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"अहो, तुम्ही भावाच्या लग्नाला करमाळ्याला गेला होतात ना, तेव्हा मी चालवायला काढली. फाटकाच्या खांबाला घासली. डॉक्टर मला काही बोलले नाहीत हो, पण तुमची आठवण झाली तसे मटकन खाली बसले. चार दिवसांत ठोकून, रंगवून घेतली. तुम्ही आलात आणि पहिला प्रश्न काय, तर रंगाचा वास कसला येतोय? हे म्हणाले, दवाखान्याची खिडकी रंगवलीय. मग दुपारी माणूस बोलावून खिडकी खरंच रंगवावी लागली!"

"मला भीत होता व्हय?"

"घरात तुम्हाला कोण भीत नव्हतं?"

"क्लच एकदम सोडला असंल," मामा म्हणाले.

"हो."

"मला सांगायचं की. मी शिकवलं असतं."

बाईंचं हसू थांबलं. "विचारणार होते. बरेचदा. धीर झाला नाही."

मामांनी पिशवी उचलली. घरी आल्यावर चाचा म्हणाले, दार ठोकून सीदा कर देता. मामांनी नको म्हणून मान हलवली. ती नवी कोरी, तीनदा परत पाठवलेली पट्टी मांडीवर घेऊन, फडकं गुंडाळलेल्या लाकडी हातोडीनं ते दुपारभर तिला टिचकीएवढे ठोके देत बसले. ठोका द्यायचा, दाराला लावून बघायची, पुन्हा ठोका. दिवे लागायच्या सुमाराला पट्टी दबलेल्या दाराला अशी बसली की माझा दोराही मधे शिरेना.

दसऱ्याला झेंडूची माळ घालून गाडी निघाली. बाई मागे, मी पुढे. देवीचं दर्शन झालं. परतीच्या वाटेवर मामांनी काही न बोलता गाडी मोकळ्या मैदानात घेतली, उतरले, मला मागं पिटाळलं आणि बाईंसाठी उजवं दार उघडून धरलं. बाई एकदा त्यांच्याकडे, एकदा त्या पट्टीकडे बघून आत बसल्या. मामा फिरून डाव्या बाजूला आले. त्या गाडीत त्या बाजूला ते जन्मात बसले नव्हते. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना, शेवटी गुडघ्यांवर ठेवले.

"क्लच हळू सोडा. आनखी हळू."

दोन गचके खाऊन गाडी निघाली. मैदानात आपट्याची पानं घेऊन चाललेली माणसं थांबून बघायला लागली. बाई स्टिअरिंगला धरून ताठ बसल्या होत्या आणि चष्म्याखालून त्यांच्या गालावर पाणी आलं होतं. पायी चालणाराही पुढे जाईल इतक्या वेगानं आम्ही मैदानाच्या मध्यावर आलो.

"थांबवू का?" बाईंनी विचारलं.

"कशाला?" मामा समोर बघत म्हणाले. "अजून लई मैदान हाय."