नत्थूजींचे गुणी ससे

नत्थूजींचे ससे म्हणजे गुणी ससे, असं त्या प्रयोगशाळेत कोणीही सांगितलं असतं. आणि कोणी नसतं सांगितलं, तर नत्थूजींनी स्वतःच सांगितलं असतं. आपल्या कामाची तारीफ ऐकण्याच्या बाबतीत हा माणूस जरा हावराच होता.

प्रयोगशाळा औषधं तपासायची, आणि नत्थूजी तिथले ससे सांभाळायचे. सलाईन माणसाला लावण्याआधी ते सशाच्या कानाच्या शिरेत टोचायचं आणि त्याला ताप चढतो का ते बघायचं. आता ससा ही जात मुळात भित्री. नुसता घाबरला तरी अंग तापतं, मग ताप औषधाचा की भीतीचा हे कळायचं कसं? त्यात नागपूरचा मे महिना. नत्थूजी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावत, त्यांवर दिवसभर पाणी मारत, आणि नवा ससा आला की त्याला रोज मांडीवर घेऊन बसत. एक हात त्याच्या डोळ्यांवर, दुसरा पाठीवर. काही दिवसांत ससा असा निवांत होई की सुई टोचली तरी अंग चोरत नसे.

सुरुवातीला त्यांना या कामाची लाज वाटे. पण एका उन्हाळ्यात त्यांची धाकटी, सिंधू, जुलाब-उलट्यांनी पार सुकून गेली. दवाखान्यात सलाईनची बाटली अर्धी रिकामी झाली तेव्हा पोरीने डोळे उघडले. तेव्हापासून नत्थूजी सशांचे उपकार चारचौघांत बोलून दाखवू लागले. माणूस वाचतो म्हटल्यावर त्यांना पुढे काही विचारावंसं वाटलं नाही, आणि मला त्यात त्यांची चूक दिसत नाही.

चूक झाली ती चौऱ्याहत्तर साली. बाहेरगावची एक शाम्पूची कंपनी आली. तिला आपल्या शाम्पूचा थेंब सशाच्या डोळ्यात टाकून बघायचा होता, डोळा किती लाल होतो, किती दिवसांनी निवळतो. प्रयोगशाळेचे मोठे साहेब मनोहरराव यांना हे काम हवं होतं. प्रेमलताबाई म्हणून एक संशोधक होत्या, त्यांना ते पटत नव्हतं. औषधाचं एक वेळ समजू शकते, पण केस धुण्यासाठी मुक्या जनावराचे डोळे काय म्हणून जाळायचे, असं त्यांचं म्हणणं. नमुन्यादाखल दोन सशांवर प्रयोग झाला होता, तरी वाद मिटेना. तेव्हा मनोहरराव म्हणाले, आपण कशाला भांडायचं, जो रात्रंदिवस सशांत राहतो त्यालाच विचारू.

दोघंही सशांच्या खोलीत आले. एवढी शिकलेली माणसं आपला सल्ला घ्यायला आली, या विचारानेच नत्थूजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाईंनी विचारलं, थेंब टाकताना ससे फार तडफडतात का?

"नाही जी बाई. माहे ससे हूं का चूं करत नाहीत. मांडीवर घेतलं की गुमान बसून राहतात."

मनोहररावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या. "म्हणजे दुखत नाही त्यांना?"

नत्थूजींना ठाऊक होतं. त्या दोन सशांनी संध्याकाळी चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. एक तर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसला होता, त्याचा डोळा सुजून मिटला होता. पण पाठीवरचा हात अजून तसाच होता.

"दुखलं असतं तं बसले असते का जी?" ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि त्या निघून गेल्या. कंपनीचं काम आलं आणि वर्षानुवर्षं चालू राहिलं. शाम्पूमागून काजळ आलं, काजळामागून तोंडाला लावायची क्रीम. ससे येत, नत्थूजी त्यांना माणसाळवत, आणि माणसाळलेला ससा स्वतः मांडीवर चढून बसे. वाईट वाटलं की ते मनाची समजूत घालत, की आपण नाही म्हटलं असतं तरी आपलं ऐकणार कोण होतं? या एका वाक्यावर त्यांनी सहा-सात वर्षं काढली.

मग एका रविवारी सक्करदऱ्याच्या त्यांच्या घरी मोरीतून किंकाळी आली. सिंधू आता कॉलेजात जात होती. मैत्रिणीने दिलेल्या शाम्पूने न्हात होती, आणि फेस डोळ्यात गेला होता.

"डोळा जळून राहिला वं माय! पाणी दे!"

कौसल्या, तिची आई, तांब्या घेऊन धावली. पोरीने डोळ्यांवर पाण्याचे हबके मारले, घटकाभरात ती हसतही होती. नत्थूजी मात्र ओसरीवर बसल्या जागी थिजले. दुपारी ताट पुढे आलं तर घास उचलेना. काहून जेवून नाही राहिले, असं कौसल्येने दोनदा विचारलं. त्यांनी पोट बरं नाही म्हणून वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी ते सरळ प्रेमलताबाईंच्या टेबलाशी गेले. त्या दिवशी मी तुमच्यापाशी खोटं बोललो, सशांना दुखत होतं, ते बसत होते ते मी लावलेल्या सवयीने, असं एका दमात सांगून टाकलं. बाई आता रागावतील, असं त्यांना वाटलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेबांनी निर्णय माझ्यावर सोडला होता, नत्थूजी," बाई हळूच म्हणाल्या. "मी नाहीच म्हणणार होते. पण तुमचा जीव त्या सशांवर. तुम्ही नाही दुखत म्हणालात, तेव्हा वाटलं, मीच हळवेपणा करतेय."

नत्थूजींनी हात जोडले. आता सांगून ते थांबेल का, असं विचारलं. कंपनीचे आता वरपर्यंत हात पोचलेत, आता माझ्या हातात काही नाही, एवढंच बाई म्हणाल्या.

त्या महिन्याच्या पौर्णिमेला वस्तीतल्या बुद्धविहारात नेहमीसारखी वंदना होती. आवाज चांगला म्हणून पंचशील सांगण्याचा मान कित्येक वर्षं नत्थूजींचा. ते पुढे सांगत, मागून सगळी वस्ती म्हणत असे. जीवहिंसेचं पहिलं शील त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. त्याच्याशी त्यांची झटापट जुनीच होती, सिंधूच्या सलाईनच्याही आधीची. दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे ते थांबले. लोक वाट बघत राहिले. म्हातारा विसरला असं समजून पुढच्या रांगेतून कोणीतरी ती ओळ हळूच सांगितली, मग आणखी एकाने जरा मोठ्याने सांगितली. नत्थूजींनी नुसती मान हलवली आणि ते उठून मागच्या रांगेत, बायापोरांच्याही मागे, जाऊन बसले. तिथून त्यांना परत पुढे आणायचा प्रयत्न वस्तीने पुष्कळ केला. ते कधी आले नाहीत.