बाईची लाल अक्षरं

मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. माझी बाई एटापल्लीच्या पलीकडे जंगलातल्या आमच्या गावात राहते, मी अहेरीत. लाईट आणि नेटची मर्जी असेल तेव्हा घरी बसून कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो, त्यावर पोट चालतं. आई गेली तेव्हा मी एवढासा होतो. बाईनं शाळा सोडून मला कडेवर घेतलं, मग मी शिकत गेलो आणि ती तिथंच राहिली. म्हणून मागच्या मोहफुलांच्या दिवसांत ती म्हणाली, "तू दिवसभर त्या डब्ब्यात पाहून काय करतं, ते मले समजलं पाहिजे. शिकव मले," तेव्हा मला भरून आलं. माझा जुना लॅपटॉप तिला नेऊन दिला.

बाई हुशार. हे असेल तर ते कर, नसेल तर दुसरं कर, सगळं तिनं पटापट उचललं. पण एखादा कंस बंद करायचा राहिला की पडद्यावर लाल इंग्रजी अक्षरं यायची आणि बाई लॅपटॉप मिटायची. "हे माह्यावर ओरडून राह्यलं," म्हणायची, "अन् काऊन ओरडून राह्यलं तेही सांगत नाई." एकदा मिटलेला लॅपटॉप तिनं उघडलाच नाही. विचारलं तर म्हणाली, "राहू दे. माह्यानं नाई होत." मला लहानाचं मोठं केलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकवेना.

मी बाईला शिकवत होतो ती प्रोग्रामिंगची भाषा कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरची माणसं हौसेनं ती सांभाळतात. यात अमुक हवं, असं कुणीही म्हणू शकतो. प्रस्ताव लिहायचा: का हवं, त्यानं जुनं काही मोडेल का, दुसरा रस्ता आहे का. मग सगळे उघड्यावर वाद घालतात आणि भाषा सांभाळणारे मोजके लोक ठरवतात. मी लिहिलं, की चूक झाल्यावर येणारा संदेश माणसाला आपल्या भाषेत दिसावा. पसंतीचे अंगठे धडाधड आले. मी खुशीत. तेवढ्यात सांभाळणाऱ्यांपैकी एकानं, कुठल्या तरी थंड देशातल्या म्हाताऱ्यानं, लिहिलं, "आत्ता नको." झालं, गाडं अडलं. तिथं अंगठे मोजत नाहीत. सांभाळणाऱ्यांतल्या एकाचीही हरकत असली की विषय थांबतो.

माझं डोकं असं तापलं की काय सांगू. त्याला चांगलं लांबलचक झोडपणारं उत्तर लिहून ठेवलं आणि ते न पाठवता आधी बाईकडे गेलो. गाऱ्हाणी सांगायला मला दुसरी जागा नाही. बाई अंगणात चारोळ्या फोडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तू त्याच्या घरी गेलता का?"

"बाई, तो सात समुद्रापार राह्यते."

"मंग त्याले काऊन नको, हे तुले कसं मालूम?"

आमच्या गावात सभेत हात वर करून काही ठरत नाही. एकजण जरी नाही म्हणाला तर सभा उठते. मग ज्याची मागणी आहे त्यानं नाही म्हणणाऱ्याच्या घरी जायचं, वाद न घालता ऐकायचं आणि पुढच्या सभेत आधी त्याचं म्हणणं सांगायचं. "हो, हेच म्हणतो मी," असं तो म्हणाला की मगच आपलं म्हणणं. गोटुलावर, म्हणजे गावाच्या सभाघरावर, टिनाचं छत टाकावं ही मागणी बाईचीच होती. एक म्हातारा अडून बसला. बाई त्याच्या घरी गेली तेव्हा कळलं, त्याला कमी ऐकू येतं. पावसात टिन वाजलं तर सभेत कोण काय म्हणतं ते त्याला कळणार नव्हतं. मग टिनाऐवजी गोटुलावर मातीचे कवेलू चढले. हे सगळं मला माहीत होतं, पण कॉम्प्युटरच्या कामात ते लागू करायचं कधी सुचलं नव्हतं.

मी ते झोडपणारं उत्तर पुसलं आणि त्या म्हाताऱ्याला लिहिलं, मला फक्त ऐकायचं आहे. तो तयार झाला आणि एका सकाळी आम्ही व्हिडिओवर बोललो. त्याचीही मातृभाषा आमच्या बोलीसारखी थोड्याच लोकांची निघाली. त्यानं पूर्वी असेच संदेश आपल्या भाषेत केले होते. सोबतचे लोक हळूहळू सोडून गेले, प्रोग्रामिंगची भाषा बदलत राहिली, जुने संदेश चुकीचं सांगू लागले. नवशिकी पोरं भलतीकडेच चूक शोधत बसायची. शेवटी त्यानं आपल्या हातानं ते सगळं काढून टाकलं. मला त्याच्याबद्दल फार माया वाटली.

प्रस्ताव पुन्हा लिहिला. सगळ्यात वर त्याचं म्हणणं. खाली माझं, आधीपेक्षा पुष्कळ लहान: मूळ संदेश आहे तसा राहू द्या, त्याच्याखाली ज्याला हवी त्यानं आपल्या भाषेतली ओळ जोडावी, एवढी सोय ठेवा; ओळ जुनी झाली तरी खरा संदेश वर दिसेलच. म्हाताऱ्यानं लिहिलं, "हो, माझं म्हणणं हेच होतं." आणि मग, "चालेल."

आमच्या बोलीतल्या ओळी मी लिहिल्या. बाईनं त्या वाचून, असं कोण बोलते, म्हणत बऱ्याचशा बदलायला लावल्या. मग तिनं प्रोग्राम लिहिला आणि चालवला. लाल अक्षरं आली. तिचा हात लॅपटॉप मिटायला गेला, आणि थांबला. खालची ओळ तिनं बोट ठेवून वाचली, "चौथ्या ओळीत कंस बंद करायचा राह्यला. होते असं, करून टाक."

तिनं कंस बंद केला. प्रोग्राम चालला. मग ती माझ्याकडे वळली.

"म्हणजे तू दिवसभर हेच करतं? काय राह्यलं ते शोधतं?"

"हो बाई."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "अन् मी समजो, तू नुसता बसून राह्यतं. वेळेवर जेवत जा रे."