आहे, नाव दुसरं

रोज सकाळी शेजारची ब्रह्मी सून मा म्या पडवीत बसून सहाणेवर लाकडाचा एक तुकडा उगाळायची आणि ते पिवळट गंध दोन्ही गालांना फासायची. कपाळाला नाही, गालांना. मग तशीच घागर घेऊन विहिरीवर जायची. तिला बघायला रत्नागिरीच्या मांडवीतल्या बायका पाण्याचं निमित्त काढून यायच्या. ज्यांच्या परसात स्वतःची विहीर होती, त्यासुद्धा.

मी तिची शेजारीण. माझं माहेर कऱ्हाडचं. यजमानांना रत्नागिरीच्या शाळेत नोकरी लागली म्हणून मी घाट उतरून आले, आणि त्याच वर्षी ती समुद्र ओलांडून आली. शेजारचा दत्ताराम रंगूनच्या नदीवर आगबोटीचा सुकाणी होता. तो तिला लग्न करून घेऊन आला, महिनाभर राहिला आणि तिला आईच्या हवाली करून कामावर परत गेला. गावात पूर्वी ब्रह्मदेशचा राजा कैदेत राहून गेलेला. त्यामुळे ही त्याच्याच गोतातली असणार, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. प्रत्यक्षात तिचा बाप भाताच्या गिरणीत पोती उचलायचा.

आमची ओळख बाजारात झाली. मी सुक्या जवळ्याच्या वासाने नाकाला पदर लावून उभी होते, आणि ही त्याच जवळ्यात कोपरापर्यंत हात घालून लहान पोरासारखी हसत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "आहे. नाव दुसरं." तेव्हा तिला मराठीचे वीसेक शब्द येत असतील, पण हे तीन पक्के होते: हे आमच्याकडेही आहे, फक्त नाव वेगळं. पुढे मला कळलं, की या परक्या मुलखात ती दिवसभर हाच एक उद्योग करत असे. केळीचा गाभा दिसला, "आहे, नाव दुसरं." चिंच, फणस, भाताची लावणी, वाण्याकडची शिकेकाई, सगळ्याला तेच. शिकेकाईच्या शेंगा तर तिने ओंजळीत धरून हुंगल्या आणि कितीतरी वेळ खाली ठेवल्याच नाहीत. तिचं बघून मी कऱ्हाडच्या गोष्टी शोधू लागले, तर मला एक सापडेना. परदेशात आलेली ती की मी, असा मला कधीकधी प्रश्न पडे.

नाव दुसरं असलेली एकच गोष्ट तिच्या पचनी पडेना, ती म्हणजे सासू. त्यांच्याकडे म्हणे लग्नानंतर नवराच पुष्कळदा बायकोच्या घरी राहायला जातो. भागीरथीकाकू, दत्तारामची आई, तोंडाने फटकळ आणि मनाने त्याहून हट्टी. त्यांनी सुनेला घरात ठेवलं, पण चुलीला शिवू दिलं नाही. पडवीत तीन दगड मांडून दिले आणि सांगितलं, "तुजं तू शिजव, माजं मी." एक ना दोन, चार वर्षं त्या घरातून दोन धूर निघत होते. मा म्या सासूचं अंगण सारवायची, पाणी भरायची, पाय चेपायची. हे सगळं काकूंना चालायचं. तिच्या हातची भाकरी तेवढी चालत नव्हती.

"तुला राग नाही येत?" मी एकदा विचारलं.

"येतो," ती म्हणाली. "तिकडे आई-बाप नाही. घर नाही. इथे चूल नाही. राग करून कुठे जाऊ?"

मी घरी येऊन रडले. माझ्या स्वयंपाकघरात बसूनच रडले, याची लाज वाटली.

चौथ्या वर्षी चैत्रात एका सकाळी शेजारून अशी किंकाळी आली, की मी हातातलं पीठ तसंच टाकून दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून उडी मारली. काकू अंगणात फतकल मारून बसलेल्या, डोक्यापासून भिजलेल्या, छाती पिटत होत्या. "माजा दत्ता! गो माजा दत्ता गेला गो!" समोर मा म्या रिकामा तांब्या घेऊन उभी, पांढरीफटक. तिच्या कमरेला एक पत्र खोचलेलं होतं.

काय झालं असावं, ते माझ्या हळूहळू लक्षात आलं. आपल्याकडे परगावी कोणी वारल्याची बातमी आली, की डोक्यावरून पाणी घेतात. काकूंनी पोस्टमनला येताना पाहिलं होतं. सुनेने पत्र घेतलं, कमरेला खोचलं, आणि एक शब्द न बोलता मागून येऊन सासूच्या डोक्यावर तांब्या ओतला. कुठल्याही आईने दुसरं काय समजायचं?

मी पत्र ओढून घेतलं. आधी कोपरे बघितले. चारही शाबूत. वाईट बातमीच्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो. "काकू, कोपरा बघा! फाटलेला नाही!" मी ओरडले. "दत्ताराम खुशाल आहे, त्याचंच अक्षर आहे!"

काकूंचं रडं थांबलं आणि त्यांनी सुनेकडे असं बघितलं, की मला वाटलं, आज हिला घराबाहेर काढतात.

मा म्या मटकन त्यांच्यासमोर बसली. "आज आमचं नवं वर्ष," ती म्हणाली. "मोठ्या माणसाचं डोकं धुवायचं. मग पाया पडायचं. दर वर्षी मी आईचं धुवायची. ती नाही. इथे तुम्ही." तिच्या मागे पाटावर वाडगा होता. त्यात शिकेकाई भिजत घातलेली होती. आदल्या तीन वर्षीही तिने ती भिजवली होती आणि तशीच फेकली होती, धीर झाला नाही म्हणून. हे तिने मला नंतर सांगितलं.

काकूंनी वाडग्याकडे बघितलं आणि केसांची गाठ सोडली.

"अगो, अर्धं डोकं भिजवून ठेवलंस, आता ती शिकेकाय काय म्हशीला घालतंस? घास नीट. आणि मास्तरणी, तू वाच."

मी वाचू लागले. दत्तारामने लिहिलं होतं, की वैशाखात येतो. चार वर्षं झाली, आईचं मन वळत नाही असं दिसतं, तरी आईला नको असेल तर हिला परत घेऊन जातो. मा म्याचे हात सासूच्या केसांत थांबले. काकूंचे डोळे मिटलेले होते, शिकेकाईने की कशाने, देव जाणे.

"लिही त्याला," काकू म्हणाल्या. "यायचं तर ये. न्यायला येव नको."

त्याच दुपारी पडवीतले तीन दगड परसात गेले आणि त्या घरातून एकच धूर निघाला.

पुढे दर चैत्रात हे डोकं धुणं होई, आणि काकू आठ दिवस आधीपासून कुरकुरत. "येतंय हिचं नवं वर्ष, आता माजी टाळू सोलणार." कुरकुरत आणि शिकेकाई स्वतःच आणून ठेवत. रंगूनहून आणलेला तो लाकडाचा तुकडा उगाळून संपला, तेव्हा त्यांनी देवघरातलं चंदनाचं खोड तिला काढून दिलं. मला म्हणाल्या, "देव काय, बिनगंधाचा पण चालतो."

काकू गेल्या त्या वर्षी दत्तारामला वेळेवर येता आलं नाही. शेवटची अंघोळ घालताना मा म्याने शिकेकाई मागितली. जमलेल्या बायका कुजबुजल्या, अशी रीत नाही म्हणाल्या. तिने कोणाचं ऐकलं नाही. एकेक बट सोडवून केस धुतले, विंचरले, आणि मगच बाजूला झाली.

पुढच्या चैत्रात मी अंगणात धान्य निवडत बसले होते. गडग्यापलीकडून ती आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात वाडगा.

"मी काय म्हातारी झाले वाटतं?" मी म्हटलं. तेव्हा मी जेमतेम बत्तीस वर्षांची होते.

"तू माझ्यापेक्षा चार महिने मोठी," ती म्हणाली. "आता इथे माझं मोठं तूच."

कऱ्हाड सोडल्यापासून माझं डोकं कोणी धुतलं नव्हतं. मी सूप बाजूला सारलं आणि केस सोडले.