फीच्या पत्रावरचं कुंकू

मैत्रिणींनो, आज माझ्या एका बोटामुळे लेकीचं इंजिनिअरिंग बुडता बुडता वाचलं.

लेकीला पुण्यात ॲडमिशन मिळालीय. एज्युकेशन लोनची बाकी फाईल तयार होती, फक्त कॉलेजचं फीचं पत्र बँकेत द्यायचं राहिलं होतं. फी भरायची शेवटची तारीख सोमवार.

निघताना मी सवयीने पत्र देवापुढे ठेवलं आणि कोपऱ्याला कुंकवाचं बोट टेकवलं. बोट ओलं होतं. घडी घातली, आणि पंचवटीतून रिक्षाने बँकेत पोहोचेपर्यंत कुंकू प्राचार्यांच्या सहीवर पसरलं!

"सही दिसतच नाहीये," लोनच्या मॅडम म्हणाल्या. "दुसरं पत्र आणा."

पुण्याहून? शुक्रवारी दुपारी? सोबत आलेल्या आमच्या ह्यांनी तर माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

"मॅडम, चूक माझी आहे," मी म्हटलं. "देवाला दाखवून आणलं."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी पत्रावरचा नंबर फिरवला, कॉलेजकडून फॅक्स मागवला आणि मूळ प्रत मागाहून पोस्टाने आली तरी चालेल म्हणाल्या. चार वाजता मंजुरीचं पत्र हातात! मला तिथेच रडू आलं.

पत्र देताना त्या हळूच म्हणाल्या, "देवापुढे ठेवालच. पण कुंकू पाकिटाला लावा."

तुमच्यापैकी कोण कोण कागदांना कुंकू लावतं? खरं सांगा गं. इथे माझ्या बाजूने कुणीच नाही. लेकीने कुंकवाचा करंडा सोमवारपर्यंत कपाटात कुलूपबंद केलाय.