हळदीच्या काट्यावरचे शिंपले

शबानाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, छापखान्यात बसून नदीतल्या मेलेल्या माशांवरच्या पत्रकाची प्रुफं तपासत होतो. "अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली... तिचे अब्बा म्हणजे आमचे हमीदसर. सांगलीच्या कॉलेजात त्यांनी आम्हाला प्राणिशास्त्र शिकवलं. सरांना जाऊन आता महिना होईल.

सर हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातले, पण जीव अडकलेला समुद्रात. दर हिवाळ्यात आम्हाला एसटीने कोकणात एका खाडीवर नेत. तिथल्या खडकांवर शिनाणे वाढतात, काळपट हिरवे शिंपले. गावातल्या बायका ते काढून विकतात. मी शेवटच्या वर्षाला होतो, त्या वर्षी खाडीच्या आतले शिंपले मरतुकडे निघाले, कित्येक खडक तर रिकामेच. काठावर कोळंबीची तळी होती. मला शत्रू सापडला! परतताच मी पत्रक लिहिलं, 'खाडीत विष', आणि सरांकडे सहीला नेलं.

त्यांनी चष्मा वर केला. "विष कुठं बघितलंस रं?"

"दिसतंच आहे, सर."

"साताऱ्याची तोफ! आधी डागायची, मग निशाण शोधायचं. आवं तोफसाहेब, हे छापलंत तर उद्या त्या बायकांचे शिंपले कोण खाईल?"

मी चिडलो. तोंडावर त्यांना भित्रे म्हणालो. सर रागावले नाहीत... एक हळकुंड घेतलं, मोडलं आणि आतला रंग दाखवला. सांगलीच्या पेठेत हळकुंड मोडल्याशिवाय कुणी बोली लावत नाही. मग वडिलांचा हळद तोलायचा छोटा काटा काढला. सहलीतून आणलेले, खाडीतले आणि उघड्या समुद्राकडचे, एकाच लांबीचे शिंपले उकडून उघडले, मांस तोललं. खाडीतल्याचं निम्मंही भरेना. कल्ल्यांत नुसता तांबडा गाळ.

"उपाशी हाय गड्या. शिंपला पाणी गाळून खातो. हितं पाण्यात माती लय, खाणं कमी. माती निवडून थुंकण्यातच ताकद जाते. अंगाला काय लागणार?"

पुढच्या आठवड्यात आम्ही तांबड्या पाण्याचा माग काढत वर चढलो. रस्त्यासाठी डोंगर कापून माती ओढ्यात ढकलत होते. कोळंबीवाल्याचा संबंधच नव्हता. दुसरं पत्रक आम्ही दोघांनी लिहिलं, शिंपल्यांची वजनं छापून. ते घेऊन बायकाच कचेरीत जाऊन बसल्या. माती टाकणं थांबलं.

शेवटच्या भेटीत सर अंथरुणावर होते. "आतल्या खडकावर शिंपले परत आलेत का बघून ये," म्हणाले. मी आज-उद्या करत राहिलो...

गेल्या रविवारी गेलो. आतल्या खडकावर बोटभर शिंपले दाटीने बसलेत. बायकांना विचारून चार आणले. सरांच्या खोलीत शबानाने काटा पुढे ठेवला. त्याचं एक पारडं अजून पिवळं आहे. शिंपले उकडले, उघडले. मांस भरगच्च! सरांच्या जुन्या वहीत, त्यांच्या अक्षराखाली वजन लिहिताना शबाना म्हणाली, "चारावर अब्बांनी विश्वास ठेवला नसता. आणखी आण."

माशांचं पत्रक मी न छापताच छापखान्यातून परत आणलंय. काटा शबानाने माझ्याकडे दिलाय. उद्या सकाळी आधी नदीवर जायचंय.